मतापुरती जमीन

पेलेग सिसन दगडी गडगे रचायचा. आमच्या ऱ्होड आयलंडच्या या किनाऱ्यावर नांगर घातला की आधी दगड निघतात, मग माती. त्यामुळे त्याला काम नाही असा हंगाम नसे. चुना नाही, चिखल नाही, नुसता दगडावर दगड. मेंढ्या अंग घासून जात, गडगा हलत नसे. बापाने जन्मभर हेच केलं. दोघांनी मिळून अर्ध्या गावाला कुंपण घातलं, पण स्वतःच्या नावावर वीतभर जागा नव्हती. राहतं घरही कप्तान ॲल्मीचं, भाड्याचं.

इंग्रजांचा राजा गेला, आपलं राज्य आलं, तरी जमीन नाही त्याला मत नाही, हा कायदा तसाच राहिला. दर एप्रिलमध्ये गव्हर्नर निवडायला जमीनवाले सभाघरात बसत. पेलेग बाहेर, घोडे बांधायच्या खुंटांपाशी. चाळिशी उलटली तरी गावाच्या तोंडी तो 'सिसनचा पोरगा'च होता. ते त्याला फार लागे.

त्या वर्षी गव्हर्नरपदाची लढत अटीतटीची होती. मार्च सरता सरता कप्तान स्वतः त्याच्या दारात आला.

"पेलेग, लेका, टेकडीमागचा पट्टा तुझ्या नावावर करतो. मत कुणाला टाकायचं ते सांगायला नको ना?"

"नाही साहेब. पण पट्टा... माझा?"

"खरेदीखत करून देतोय, मग तुझाच की!" कप्तान हसला.

असले पट्टे दोन्ही पक्षांचे लोक वाटत. निवडणूक झाली की जमीन मालकाकडे परत जाई. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, पेलेगलाही होतंच. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन टेकडीमागे गेला आणि पट्ट्याभोवती गडगा घालू लागला.

बायको फीबी दुपारची भाकरी घेऊन आली. "अहो, हे काय मांडलंय?"

"आपली आहे तोवर आपल्यासारखी दिसू दे."

"आणि परत मागितली म्हणजे?"

त्याने एक चपटा दगड उचलून फिरवून पाहिला, बसवला. सभेपर्यंत दोन बाजू पुऱ्या झाल्या. फीबीनेही मग विचारायचं सोडलं. आत कांदे कुठे लावता येतील, ते तिने बघून ठेवलं.

सभेला तो धुतलेला सदरा घालून आला आणि आत, बाकावर बसला. त्याची पाळी आली तसा विरुद्ध पक्षाचा गिरणीवाला बेनोनी उठला.

"सभापती, विचारा या गड्याला. जमीन खरंच त्याची, का कप्तानने मतापुरती उसनी दिलीय?"

"माझीच आहे," पेलेग म्हणाला. "गडगा घालतोय मी तिला."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळं सभाघर हसत सुटलं.

"अरे, मतापुरत्या जमिनीला गडगा!"

"पुढच्या आठवड्यात विहीर खण रे, सिसनच्या पोरा!"

कप्तानच्या बाकावरचेच जास्त हसत होते. त्यातल्या काहींच्या खिशात तसलीच खरेदीखतं होती. आम्हालाही हसू आवरेना.

"शपथ घे म्हणजे झालं," बेनोनी डोळे पुसत म्हणाला.

पेलेगने हात वर केला. जमीन माझी, परत देण्याची बोली कुणाशी नाही, असं देवाला स्मरून म्हणाला. आवाज कापला नाही. मी शेजारीच होतो. तेवढ्या वेळापुरतं त्याला ते खरंच वाटत होतं, असं मला वाटतं. मग त्याने चिठ्ठी टाकली. पुढे कळलं, कप्तानचा माणूस गव्हर्नर झाला.

त्यानंतर कप्तानचा कारकून पट्टा परत केल्याच्या कागदावर सही घ्यायला घरी आला. पेलेग हात मांडीखाली दाबून बसला. सही केली तर देवासमोर खोटा. नाही केली तर गावाच्या लेखी चोर, आणि डोक्यावरचं छप्पर कप्तानचं.

"मी शपथ घेतलीय," तो म्हणाला.

"सगळेच घेतात, पेलेग."

"गडगा घातलाय मी."

"त्याचं काय ते साहेब बघतील. कर बाबा सही, मला अजून बरीच घरं फिरायचीत."

त्याने फीबीकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. त्याने सही केली.

त्या रविवारपासून प्रार्थनेला तो मागे, दाराजवळ बसू लागला. गावात कुणी त्याला खोटारडा म्हटलं नाही. त्यात काही खोटं झालं, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मे महिन्यात कप्तान पट्टा बघायला आला. "सुरेख घातलायस रे. पण अर्ध्या गडग्याचा मेंढ्यांना काय उपयोग? पुरा कर. नेहमीची मजुरी देतो."

पेलेगने उरलेल्या दोन बाजू घातल्या. दगड तसेच निवडून, फिरवून बसवले. वाईट काम त्याला येतच नव्हतं. फीबी भाकरी घेऊन आली की तो तिच्याकडे पाठ करून खाई. शेवटी कप्तानने काठीने जागा दाखवली, आणि पेलेगने तिथे फाटकापुरती फट सोडली.