निळ्या चड्डीवाल्याच्या फेऱ्या

हे मी आईला सांगितलेलं नाही, ऑफिसात कुणाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसून माझ्याकडे बघणार नाही, म्हणूनही असेल.

बॉक्सिंगपासून सुरुवात करतो. मी बॉक्सिंगचा शौकीन आहे म्हटलं की लोक माझ्या पोटाकडे बघतात. मी आयुष्यात कुणाला गुद्दा मारलेला नाही. मी लढती बघतो आणि गुण देतो. म्हणजे असं — कुणी कायमचा आडवा न होता लढत शेवटपर्यंत गेली, तर निकाल रिंगभोवती बसलेले तीन पंच लावतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ, खाली पडला तर आठ. शेवटी बेरीज. घरी बसून आपणही तेच करायचं आणि मग पंचांशी ताडून बघायचं. एकट्या माणसाला एवढा छंद पुरतो.

हार्लेम या डच शहरात राहायला आलो तेव्हा मी तसा एकटाच होतो. लग्न मोडलं होतं, केतकी पुण्याला परत गेली होती. दिवसभर झुइडासच्या ऑफिस-इमारतींतल्या काचेच्या खोल्यांत मीटिंगा, संध्याकाळी ट्रेन, मग सायकल, मग घर. शुक्रवारी निघताना सगळ्यांना 'छान वीकेंड' म्हटलं की सोमवारपर्यंत मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. आईचा फोन यायचा. पण तिच्याशी बोलताना आपण मजेत आहोत हे पटवून द्यायचं काम असायचं. ते काही बोलणं नव्हे.

विम माझ्या खाली, तळमजल्यावर राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी लीसबेत पार उत्तरेला खरोनिंगेनमध्ये. डचमध्ये आमचं पहिल्या दिवसापासून अरे-तुरे होतं. मराठीत लिहिताना मात्र 'तो' म्हणायला हात धजत नाही. इथे खालच्या मजल्यावरची माणसंही पडदे ओढत नाहीत. एका रविवारी दुपारी मी सायकल लावत होतो, तर त्यांच्या टीव्हीवर लढत चाललेली दिसली. मी बघत उभा राहिलो — किती वेळ, देव जाणे. त्यांनी खिडकीतूनच आत येण्याची खूण केली. मी आत गेलो. त्यांनी माझ्या हातात पेन्सिल आणि सुपरमार्केटच्या जाहिरातीचा कोरा मागचा भाग दिला आणि म्हणाले, "चौथी फेरी सुरू आहे. बोलू नकोस."

मग दर रविवार. त्यांचे नियम कडक होते. लढत दोघांनीही न पाहिलेली हवी, किंवा निकाल विसरलेली तरी. कधी काळी-पांढरी, खूप जुनी, कधी मागच्याच महिन्यातली. समालोचनाचा आवाज बंद — 'नाहीतर आपण त्यांनी सांगितलेलं बघतो, घडलेलं नाही.' पुढच्या रविवारची लढत ते आधी ठरवत, आणि निकाल चुकून कळू नये म्हणून वर्तमानपत्राचं क्रीडापान न उघडता रद्दीत टाकत. लढत संपली की मी फोनवर पंचांचे गुण शोधून मोठ्याने वाचायचो. त्यांना इंटरनेटची कटकट नको असायची. मध्ये जेवण — त्यांचं वाटाण्याचं घट्ट सूप आणि मी नेलेली शेंगदाण्याची चटणी. ती ते पावावर लोणी लावून त्यावर पसरायचे आणि बोटं चाटायचे.

सुरुवातीला मी वाईट होतो. माझे गुण पंचांच्या जवळपासही जायचे नाहीत. "तू चेहरे बघतोस, सूहास," ते म्हणायचे. सुहासचा इथे सूहासच होतो. "रक्त दिसलं की भुलतोस. ठोसा लागला की हातमोज्यावर अडला, ते बघ." रागावून नाही. शिकवायची सवय होती. पण मला ते लागायचं. का लागावं? चाळिशी उलटलेला माणूस, एका म्हाताऱ्याच्या दिवाणखान्यात... पण आठवड्यातून त्या एकाच ठिकाणी कुणी मला बघत होतं, आणि तिथेही मी कच्चाच ठरत होतो.

आता ते सांगतो. खरं तर अर्धं सांगून झालंच आहे.

एका बुधवारी ट्रेनमध्ये मी रविवारच्या लढतीतल्या बॉक्सरबद्दल वाचत होतो. निकाल समोर आला, फेरीनिहाय गुणांसकट. पहिल्यांदा खरंच चुकून. मी ते बंद करू शकलो असतो. केलं नाही. रविवारी माझे गुण एका पंचाशी तंतोतंत जुळले. विम खुर्चीतून उठले — गुडघे दुखायचे, तरी उठले — आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "आता तुला दिसायला लागलं," म्हणाले.

त्यानंतर मी दर आठवड्याला वाचून जायचो. संशय येऊ नये म्हणून एखादी फेरी मुद्दाम चुकवायचो. कुठली चुकवायची तेही आधी ठरवून. म्हणजे बघा, घसरलो असं म्हणायचीही सोय नाही. मी नीट तयारी करायचो.

आणि विम? ते प्रामाणिकपणे बघत होते, आणि प्रामाणिकपणे बघणाऱ्या माणसाचं पंचांशी अधूनमधून पटत नाहीच. पंच चुकतात, विकले जातात, गर्दीच्या ओरडण्याने हलतात. पूर्वी त्यांचं पटलं नाही की ते पंचांना चार शिव्या देऊन सूप गरम करायला उठायचे. पण आता शेजारी मी होतो, ज्याला दर वेळी बरोबर दिसत होतं. हळूहळू ते शिव्या द्यायचे थांबले. माझ्या कागदाकडे बघायला लागले.

एक लढत होती. पांढऱ्या चड्डीतला गतविजेता, निळ्या चड्डीतला त्याला आव्हान देणारा. तिन्ही पंचांनी पांढऱ्याला जिंकवलं होतं, ते मला माहीत होतं. पण टीव्हीवर जे चाललं होतं ते उघड होतं. निळा मारून बाजूला व्हायचा, पांढरा नुसताच पुढे पुढे घुसायचा आणि लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. मला निळा जिंकताना दिसत होता. मधल्या सगळ्या फेऱ्या त्याच्या. मी कागदावर पांढऱ्याला दहा लिहीत गेलो.

विमनी निळ्याला जिंकवलं. मी पंचांचे गुण वाचून दाखवले.

"तुला खरंच पांढरा दिसला?"

"हो. स्पष्टच."

"कुठे?"

मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं — अगदी जवळून बरगड्यांवर मारलेले ठोसे, जे चटकन लक्षात येत नाहीत. त्यांनी एक फेरी पुन्हा लावायला सांगितली. पुढे वाकून, चष्मा नाकावर घट्ट दाबून त्यांनी ती पाहिली. मग म्हणाले, "मला दिसत नाही."

पटत नाही, असं म्हणाले नाहीत. दिसत नाही, म्हणाले. तेव्हाच मला कळलं होतं मी काय करतोय. नंतर लक्षात आलं वगैरे काही नाही.

पुढे ते स्वतःवर पाळत ठेवायला लागले. किल्ली विसरली की माझ्याकडे बघायचे. एखाद्या नदीचं नाव आठवलं नाही की तो दिवस गेला. लीसबेतला त्यांनीच फोन करून सांगितलं की आपलं डोकं चालेनासं झालंय. ती आली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली ठेवतो तिथे मला भेटली. उंच, थकलेली बाई. कोटाची बटणं उघडीच होती.

"डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, सूहासला जे दिसतं ते मला दिसत नाही. मी कुणाचं खरं मानू? तू दर रविवारी त्यांच्यासोबत असतोस. तुला काही जाणवलंय?"

एक वाक्य पुरलं असतं. मी निकाल आधी वाचून येतो. बस. ती कदाचित हसलीही असती. आत जाऊन तिने बापाला सांगितलं असतं, त्यांनी मला लबाड म्हटलं असतं, आणि मग सूप गरम केलं असतं. किंवा नसतं केलं. दार बंद केलं असतं, आणि माझा रविवार गेला असता. मी त्या रविवाराचा विचार केला. तिच्याकडे बघत, तोच विचार केला.

"हो," मी म्हणालो. "थोडं जाणवतं."

तिने मान हलवली आणि माझे आभार मानले.

काही आठवड्यांत ते तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात गेले. सायकल त्यांनी आधीच देऊन टाकली होती. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही एक लढत लावली. त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. "तू दे गुण," म्हणाले. "मी नुसता बघतो."

मी एकदा त्यांना भेटायला गेलो. सांगायचं असं ठरवूनच ट्रेनमध्ये बसलो होतो. सगळी वाक्यं मनात डचमध्ये जुळवून ठेवली होती. हॉलमध्ये चारपाच म्हातारी माणसं कॉफी पीत बसली होती. विमनी त्यांना माझी ओळख करून दिली — "हा सूहास. याची नजर चुकत नाही." मग माझ्यासाठी केकचा तुकडा मागवला. मी तो खाल्ला. निळ्याची लढत तुम्ही बरोबर पाहिली होती, एवढं म्हणायचं होतं. हवापाणी बोललो आणि परत आलो.

त्यानंतर त्यांची तब्येत खरंच ढासळली. माझ्यामुळे की वयामुळे, हे मला माहीत नाही, आणि ते न कळण्याचा फायदा मी घेणार नाही. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

अंत्यविधीनंतर लीसबेत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाकी सगळे बाबांना बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड बोलायचे. ते म्हणायचे, सूहास तेवढा मला खरं सांगतो." तिने माझा हात घट्ट धरला होता. मी म्हणालो, ते फार चांगले शिक्षक होते.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. बापाच्या शेवटच्या वर्षांत आपण योग्य तेच केलं, असं ती समजते. ते तसंच राहू द्यावं, तिच्या भल्यासाठी — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. मला तिची भीती वाटते, म्हणून मी फोन केलेला नाही.