मुठीने धार काढणारी आक्का

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातकणंगल्याला लेकीकडे होते. आधी मनात आलं, आता म्हशीची धार कोण काढणार? कुणाला हे वाईट वाटेल, वाटू दे. गडमुडशिंगीत आम्ही दोघी जावा एकाच गोठ्यात म्हाताऱ्या झालो.

सत्तरीनंतर आक्काचे हात बिघडले. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, अंबाडा माझ्याकडून घालून घ्यायची. मग अंगठ्याचा सांधा सुजला. आमच्यात अंगठा मुडपून धार काढतात, तो मुडपेना. पकड सुटून एकदा भरलेली चरवी लवंडली. तिच्या पोराला, संभाला, तेवढं निमित्त पुरलं. "आई, आता बास कर. म्हस इकूया."

"म्हस का इकायची? बिघडल्यात ते हात माझं हाईत!"

जन्माची सवय मोडून ती अंगठा बाहेर ठेवून सगळ्या मुठीने पिळायला शिकली. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा. मी हसायची, "आक्का, तवर दुधाचं दही व्हईल की!"

"व्हऊ दे. ताक तू पी."

तरी संभाने गिऱ्हाईक आणलंच. तरणाताठा गडी. त्याने कासेला हात घातला आणि म्हशीने दूध चोरलं, थेंब देईना. मग आक्का बसली. मुठीने पिळायला लागली. दोनदा थांबली... हात झटकले... पुन्हा धरलं. चरवी भरल्यावर गडी संभाला म्हणाला, "पावणं, आजीसकट देत असशीला तर न्हेतो!" म्हैस राहिली. मरणाच्या आदल्या दिवशीही धार आक्कानेच काढली.

तेरा दिवस संभाने कशीबशी धार काढली. तेराव्यानंतर तो म्हशीकडे बघत उभा राहिला. काय बोलणार ते मला कळलं. माझी बोटं आक्कापेक्षा वाकडी, आणि मुठीची रीत मी शिकले नव्हते, नुसती हसले होते. तरी बसले. तांब्याभर निघालं. उरलेलं संभाने लाथा खात काढलं.

उठायला गेले तर गुडघे उठू देईनात. आधाराला हात पुढे केला तर दाव्याच्या खुंटीवरून खाली लोंबणारा दोरीचा एक तुकडा हाताला लागला. त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याची जाड गाठ... सुजलेल्या मुठीत मावेल एवढी. आक्काने कधी बांधली कोण जाणे, मला बोलली नव्हती. ती गाठ धरून उठले आणि संभाला सांगितलं, "सकाळच्याला बी मीच बसणार. गिऱ्हाईक आणू नगंस."

दीड महिना झाला. आता अर्धी चरवी भरते.