पाण्यात पडलेला भुंगा

पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात आज सकाळी एक काळा भुंगा पडला होता. मी त्याला चमच्यानं काढलं आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवलं.

"बाबा, मेलाय तो. टाकून देऊ?" सून हळूच म्हणाली. माझी पत्नी सुधा गेल्यापासून आमच्या घरात सगळेच हळू बोलतात.

"थांब जरा."

सुधा प्राणिशास्त्र शिकवायची. कीटकांच्या पंखांचे स्नायू हा तिचा लाडका विषय. त्या स्नायूंत लवचिक प्रथिनांचे बारीक धागे असतात आणि नवल म्हणजे तेच स्नायूला ताठ ठेवतात, सैल पडू देत नाहीत. म्हणून जरासा ताण बसला की स्नायू उलट ओढतो. त्या ओढीनं समोरचा स्नायू ताणला जातो, मग तो ओढतो. पंख असे चालतात.

"अहो, ताण बसतो म्हणून तर उडता येतं त्यांना," ती म्हणायची.

"आणि माणसाला?"

"माणसाला आधी चहा लागतो."

गेले काही महिने मला त्यातला ताण तेवढा आठवत होता.

कठड्यावरचा भुंगा थरथरू लागला. पंख मिटलेलेच होते, पण आतले स्नायू ऊब धरत असावेत. मग गुणगुण सुरू झाली आणि एकाएकी तो सुटला, थेट समोरच्या शेवग्याच्या शेंड्यापर्यंत.

"उडाला! बाबा, उडाला!" सून केवढ्यानं तरी ओरडली.

"उडाला!" मी तिच्याहून मोठ्यानं ओरडलो आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेलो.