दाजींची गाडी आणि अक्काची कंबर

फोन अक्काचाच आला. सकाळची वेळ होती, मी साताऱ्यात घरामागच्या पेरूला पाणी घालत होतो. "सुभाष, हे गेलं," एवढंच म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "सावकाश ये, पेठनाक्यापासनं रस्ता खराब हाय." अक्का माझी थोरली बहीण. नवरा नुकताच गेलाय आणि हिला माझ्या पाठीची काळजी... दाजींच्या छातीत आदल्या दिवसापासून दुखत होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, हे माधवनगरला तिच्या घरी पोचल्यावर कळलं. सांगायची पद्धतच नव्हती त्या घरात.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा आपल्याकडे दंडक आहे. दाजींनी स्वतः तो कधी पाळला नाही. माझे वडील गेले तेव्हा मी रडत उभा होतो आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, तिरडीचा तोल डाव्या अंगाला गेलाय. बांधणाऱ्याला अक्कल न्हाई." म्हणून मीही आज मोकळेपणानं लिहितो. त्यांना ज्या वैकुंठरथातून नेलं त्याचे शॉकअप पार मेलेले होते. प्रत्येक खड्ड्याला दाजींचं डोकं इकडून तिकडे जात होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. ज्या माणसानं दोन वर्षं गाडीचं सस्पेन्शन निवडण्यात घालवली, त्याची शेवटची सवारी अशी निघावी, याचं मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं.

कुपवाडला त्यांची फाउंड्री होती. घामाच्या धारा लागतील अशा भट्टीपाशी हा माणूस इस्त्रीच्या शर्टात उभा राहायचा आणि ओतलेला भाग नुसता बोटानं वाजवून खोट सांगायचा. तेच बोट तो माणसांवरही वाजवायचा. मूलबाळ झालं नाही, त्याची खोट कुणात आहे हेही त्यांनी असंच न तपासता ठरवून टाकलं होतं, आणि आम्ही माहेरच्यांनी ते ऐकून घेतलं होतं. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, दोनच सीटची. ओवाळायला आलेल्या पाच सुवासिनींना बॉनेटला कुंकू लावायला वाकावं लागलं, तेव्हा गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "आवं, ही बसायची गाडी हाय का निजायची?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत. दुसऱ्या सीटवर अक्का बसणार हे मात्र सगळे धरून चालले होते, कारण दुसरं बसणार कोण?

अडचण अशी की गाडीचे मूळ शॉकअप थकले होते आणि अक्काची कंबर त्याहून जास्त. तिच्या मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो ती लुगड्याच्या आत बांधायची, दिसू नये म्हणून. आता नवं सस्पेन्शन कुठलं बसवायचं यावर दाजींचा जो अभ्यास सुरू झाला तो विचारू नका. माझ्याकडे साताऱ्याला आले की चहाच्या कपबशा सरकवून मला शिकवायचे. एक मार्ग, होतं तसंच मऊ बसवायचं. दुसरा, आखूड कडक स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवायची, की ती दिसते झोकदार पण पहिल्याच गतिरोधकाला पोट घासते. तिसरा, उंची आणि कडकपणा दोन्ही नॉबनं कमीजास्त करता येणारा संच. "चाक रस्त्याला धरून ऱ्हायलं पायजे," ते म्हणायचे. "लय कडक केलं की चाक उडतंय, आन् उडालेलं चाक वळत बी न्हाई, थांबत बी न्हाई. उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या रस्त्यावर शर्यतीचे शॉकअप बसवणारा गडी निव्वळ येडा." इतकं स्वच्छ त्यांना कळत होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

संच तिसरा आला. मिरजेच्या दस्तगीर मिस्त्रीनं बसवला. आणि मग कडकपणा कुठं ठेवायचा हे ठरवायला दाजींनी जे यंत्र वापरलं ते म्हणजे माझी बहीण. रविवारी सकाळी माधवनगरहून निघायचं, साताऱ्यापुढच्या खंडाळ्याला चहा प्यायचा, जाताना बोगदा, येताना घाट. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक पुलाच्या सांध्याला दाजी विचारायचे, दुखलं का? आणि अक्का म्हणायची, बरं हाय. मग माझ्या दारात थांबून बॉनेट उघडायचं, नॉब आणखी एक घर आवळायचा आणि परत निघायचं. "हिच्या कमरंइतकं अचूक मशीन कुठं मिळंल, पाव्हणं?" असं ते तिच्यासमोर म्हणायचे. त्या गाडीतून अक्का उतरायची ते बघवायचं नाही. आधी पाय बाहेर, मग दाराला धरून थोडा वेळ तशीच, मग उरलेली अक्का. दाजी तोवर घरात येऊन माझ्या खुर्चीत बसलेले असायचे. गाडी महिन्यामहिन्याला कडक होत गेली आणि घाटाच्या वळणावर एका अंगाला कलेनाशी झाली, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

एकदा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, दुखतंय तर सांगत का नाहीस? तू बरं हाय म्हणतेस म्हणून तो माणूस आवळत चाललाय. ती वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "लग्न झाल्यापासनं त्या घरात कुणी इचारलं न्हाई मला, कुठं दुखतंय म्हणून. आता खड्ड्याखड्ड्याला इचारत्यात." मी म्हटलं, मग खरं सांग की. "खरं सांगितलं तर परत बसवत्याल व्हय? घरी ठेवून जात्याल." आमच्याकडच्या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, सासरी काही विचारलं तर बरं आहे म्हणायचं. पण ही शिकवण अशी विकत घेऊन, मणक्यानं पैसे मोजून वापरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचा राग आला. तो अजून आहे.

दाजी गेल्यावर तेराव्यानंतर दस्तगीर भेटायला आला. टेम्पोतून एक मोठं खोकं उतरवून त्यानं सोप्यात ठेवलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, मऊ शॉकअपचा संच, साहेबांनी कधीचा आणून माझ्याकडे ठेवलेला. मला काही उमगेना. तेव्हा तो कौतुकानं सांगायला लागला, की साहेब फार हुशार, वहिनींच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हते, दाराच्या दांडीवरच्या त्यांच्या बोटांकडे बघायचे. बोटं पांढरी पडली की समजायचे. "मला म्हणायचे, दस्तगीर, ती बरं हाय म्हणती म्हंजी दुखतंयच. पर तोंडानं म्हणंपातूर मी न्हाई बदलायचा. ज्या दिवशी दुखतंय म्हणंल, त्या दिवशी हा संच बसीव."

चहाचा ट्रे घेऊन अक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवला, दस्तगीरला कप दिला, साखर बरोबर आहे का विचारलं.

माझ्या बायकोला यात प्रेम दिसतं. तिच्या मते दोघंही हट्टी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, दुसरं काय. मला ते पटत नाही. दुखणं माहीत असताना, उपाय विकत आणून ठेवलेला असताना, समोरच्यानं कण्हावं म्हणून नॉब आवळत राहणं, याला मी प्रेम म्हणणार नाही. एका शब्दासाठी अडून बसला तो माणूस. भट्टीतल्या लोखंडालाही एवढं तापवत नाहीत. आणि तरीही... गेले कित्येक रविवार माझ्या दारात गाडीचा तो घुमणारा आवाज येत नाही, आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहतो. दाजींसारखा बोलका, खुनशी, मजेदार माणूस आमच्या दोन्ही घरांत नव्हता. मला त्यांची आठवण येते याचाही मला संताप येतो.

दस्तगीर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघालो तर अक्का लाल गाडीची किल्ली घेऊन आली. म्हणाली, जरा कुपवाडपर्यंत फिरवून आण. मी म्हटलं, माझ्या गाडीतून जाऊ, ती मऊ आहे. ऐकलं नाही. ती कशीबशी आत बसली, पदर सावरला, दांडी धरली. कुपवाडचा रस्ता अवजड ट्रकांनी फोडलेला. पहिल्याच खड्ड्याला माझ्या टाळूपर्यंत हिसका गेला. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी पुढचा खड्डा चुकवायला बघत होतो.

"इचार की," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही. मग मी विचारलं, "अक्का, दुखतंय का?"

"दुखतंय," ती म्हणाली. "लय दुखतंय, सुभाष."

मी ब्रेकवर पाय ठेवला. तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त माझ्या हातावर हात ठेवला. "थांबू नगंस. आन् हळू बी करू नगंस, ह्यांनी बी कधी गाडी हळू केली न्हाई... आत्ता कुठं सुरवात केलीया मी. अजून लय सांगायचं हाय."