सारजाबाईंची साक्ष

पिंपळवंडीच्या सारजाबाईंची थोरली लेक आरती पिंपरी पेंढारला दिलेली. तिला मुलगा झाला, तेव्हा सारजाबाईंनी ठरवलं, दावणीची चांदी गाय लेकीला द्यायची. घरचं दूध नातवाच्या तोंडी जाईल. नवरा हौशीराम म्हणाला, "दे की. इचारायचं काय त्यात?"

गाय न्यायला त्यांनी जलालला बोलावलं. जलाल ओतूरचा, पिकअपवाला. पिंपळवंडीच्या शेतकऱ्यांचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात तोच पोचवायचा. हौशीरामच्या घरी त्याचं वर्षानुवर्षांचं येणंजाणं होतं. हौशीरामला मणक्याचा त्रास झाला, तेव्हा त्याच पिकअपमध्ये गादी टाकून जलालनं त्याला दवाखान्यात नेलं होतं.

चांदीला गाडीत चढवून झाल्यावर जलाल थोडा घुटमळला. "वयनी, गाय तुमची हाये असं कागदावर चार वळी लिहून द्या. न्हाईतर हौशीराम भाऊला बसवा संगं. दिवस बरे न्हाईत."

सारजाबाई हसल्या. "माझी गाय माझ्या लेकीच्या घरी चालली. त्याला कागद कशाला? आन् ह्येंना आज पानी भरायचंय."

जलालही हसला आणि निघाला.

सारजाबाईंचा धाकटा मुलगा आदेश तेव्हा गावात नव्हताच म्हणायचा. चाकणच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर कामाला होता. कंत्राट संपलं आणि तो परत आला, पण घरी टिकला नाही. आळेफाट्याला दोस्तांच्या खोलीवर राहायचा. घरी आला तरी ताटावर बसायचा नाही. म्हणायचा, जेवून आलोय. फोनमध्ये मान घालून बसायचा. त्या फोनवर एक ग्रुप होता. त्यात दिवसभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी सांगितली जायची: आपल्यावर संकट आलंय, आणि ते शेजारच्या गल्लीतून येतंय. हौशीरामनं एकदा हटकलं, तर म्हणाला, "तुमाला काय कळतंय, आण्णा. तुमी झोपलेले लोक." चांदी आरतीकडे चाललीय हे सांगायला सारजाबाईंनी त्याला सकाळी फोन केला होता. त्यानं उचलला नाही.

आळेफाट्यावर कुणीतरी पिकअपचा मागून फोटो काढला. ताडपत्रीखालून गाईचं शेपूट दिसत होतं आणि गाडीवाला कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो ग्रुपवर आला. त्याखाली कुणाचा तरी आवाज आला, गाडीचा नंबर सांगणारा: "कापायला चाललीय. पेंढारच्या अलीकडं अडवा. सोडायचा न्हाई."

ग्रुपमधल्या पोरांनी त्याला अडवला. जलाल गाडीतून उतरून हात जोडून सांगत होता, सारजाबाईंची गाय हाये, आरतीकडं चाललीय, फोन लावून बघा. कुणी फोन लावला नाही. आरतीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आरडाओरडा ऐकून ती कडेवर पोर घेऊन धावत आली, तोवर जलाल रस्त्याच्या कडेला पालथा पडला होता आणि चांदी बाभळीला बांधलेली होती. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

पोलीस पिंपळवंडीला आले ते गाय कुणाची एवढंच विचारायला. सारजाबाईंनी सगळं सांगितलं. मग साहेबांनी फोन काढला आणि म्हणाले, "मावशी, हा आवाज कुणाचा, माहिती आहे का?"

आवाज वाजला. हौशीराम झटक्यात उठून उभा राहिला. त्यानं बायकोकडे बघून नकारार्थी मान हलवली, अगदी थोडीशी. सारजाबाईंनी ती पाहिली. त्यांनी परत ऐकवायला सांगितलं. साहेबांनी परत ऐकवला. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आदेशचा हाये."

आदेशला अटक झाली. त्या दिवसापासून हौशीराम त्यांच्याशी बोलेनासा झाला. चहा पुढ्यात ठेवला तर प्यायचा, भाकरी वाढली तर खायचा. पण शब्द नाही. भावकीनं बोलावणं सोडलं. हळदीकुंकवाला कुणी हाक मारेना. नळावर बायका त्यांच्या देखत म्हणायच्या, "पोटच्या पोराला फासावर द्यायला निघाली."

सारजाबाई ओतूरला जलालच्या घरी गेल्या. त्याची बायको हाजराबी दारात आली. आत या म्हणाली नाही.

"त्यांनी कागद मागितला व्हता," हाजराबी म्हणाली. "निघताना फोन केला तवा मला बोलले. तुमी हसला म्हणं."

हाजराबीनं दार लावलं.

वर्ष सरता सरता आदेशला जामीन मिळाला. सारजाबाई तेव्हा आरतीकडून एसटीनं परत येत होत्या. आळेफाट्याला गाडी थांबली. खिडकीतून त्यांना दिसलं, पोरांची गर्दी, गुलाल, आणि मधोमध आदेश. गळ्यात झेंडूचा हार. आदेश वाळला होता आणि गुलालानं ओळखू येत नव्हता. पण हसला तेव्हा त्याचा पुढचा तुटका दात दिसला. लहानपणी तो जलालच्याच गाडीतून उडी मारताना तुटला होता. सारजाबाईंनी खिडकीची काच ओढून घेतली.

आरतीला तो एकदाच भेटला. तिनं विचारलं, "चांदीला वळखली न्हाईस?" तो म्हणाला, "ताडपत्री काढल्यावर वळखली. पण तवा सगळे पेटले व्हते. मी मागं सरलो असतो, तर मलाच म्हणले असते, ह्यो त्यांचाच." आरतीनं हे आईला सांगितलं. सारजाबाईंना वाटलं होतं, चुकून झालं असेल. तेवढाही आधार गेला.

पुढे पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून तेजस्विनी नावाची बाई आली. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, अशा देशांतल्या संस्था मिळून एक अभ्यास करत होत्या: साधी घरातली मुलं हिंसेपर्यंत कशी पोचतात, आणि कुठल्या वळणावर त्यांना थांबवता आलं असतं. कुठे दहशतवादी टोळ्या, कुठे जमाव, धर्म निरनिराळे. तेजस्विनीनं हे सगळं सांगितलं. सारजाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या अभ्यासानं जलालभाऊ येनार हाये का?"

"नाही येणार," तेजस्विनी म्हणाली.

"मंग जावा."

ती गेली, पण पुन्हा आली. दुसऱ्यांदा तिनं काही विचारलंच नाही. सारजाबाई कांदे निवडत होत्या. तीही शेजारी बसून निवडायला लागली. कितीतरी वेळानं सारजाबाई आपण होऊन बोलायला लागल्या. आदेशच्या जन्मापासून. त्या बोलत होत्या आणि पडवीत हौशीराम पाठ करून बसला होता. तो उठून गेला नाही.

तेजस्विनी हाजराबीकडेही जात होती. अभ्यासाचा शेवट काठमांडूला व्हायचा होता. सगळ्या देशांतली माणसं तिथे एकत्र बसणार होती, आणि संस्थांनी आधीच ठरवलं होतं की नुसते अधिकारी आणि प्राध्यापक नकोत. ज्यांचं माणूस गेलं ते, ज्यांच्या घरातल्यानं मारलं ते, आणि ज्यांनी कधीकाळी स्वतः मारलं तेही एका खोलीत हवेत. काही सरकारी माणसांनी याच कारणानं यायचं नाकारलं. हाजराबीनं यायचं कबूल केलं, एका अटीवर. "तिच्या शेजारी मी बसनार न्हाई."

दोघी एकाच विमानानं गेल्या, लांब लांब बसून. सारजाबाईंनी खोलीवर भाकरी आणि चटणी नेली होती, तीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रिझाल नावाचा इंडोनेशियाचा माणूस बोलायला उभा राहिला. तरुणपणी तो बॉम्ब बनवणाऱ्यांच्या टोळीत होता. तुरुंगातून सुटून आता शाळाशाळांतून बोलत फिरायचा. त्याचं बोलणं कुणीतरी हिंदीत सांगत होतं, पण ते फार भरभर, पुस्तकी हिंदी. टीव्हीवरच्या हिंदीपलीकडे सारजाबाईंची धाव नव्हती. त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मागच्या रांगेतून कोरडा आवाज आला.

"तो म्हनतो, त्याची आई त्याला लई समजवायची."

हाजराबी बोलत होती. सारजाबाईंनी मान वळवली नाही. हाजराबी एकेक वाक्य सांगत गेली.

"म्हनतो, तिचं आयकू यायचंच बंद झालं व्हतं. घरी जेवत नव्हता. आईला वाटलं, पोरगं कामात हाये. पर टोळीतले लोक रोज ताट वाढून वाट बघायचे त्याची... म्हनतो, ते ताट आधी आलं. धरम नंतर."

सारजाबाईंनी हात वर केला. मराठीतच विचारलं. तेजस्विनीनं ते रिझालला सांगितलं. "तू त्यातून भाईर कसा आलास, बाबा?"

रिझाल बोलला, आणि मागून हाजराबीचा आवाज आला, या वेळी अडखळत. "त्यानं ज्याला मारलं... त्याचा भाऊ तुरुंगात आला, भेटायला. आधी शिव्या दिल्या. मंग इचारलं, का? का मारलंस? म्हनतो, पोलिसानं कसं मारलं ते इचारलं, जजनं कवा मारलं ते इचारलं. का, ते तोवर कुनी इचारलंच नव्हतं."

हाजराबी तिथेच थांबली. रिझाल पुढे बरंच बोलला, ते तिनं सांगितलं नाही.

परत आल्यावर अहवाल झाला. तेजस्विनीनं ओतूरला काही माणसं जमवली: दुकानदार, पिकअपवाले, मशिदीतले मौलाना, गावोगाव भजनाला जाणारे एक बुवा, एक हवालदार. काम एवढंच की अशी काही बातमी फिरायला लागली, तर ज्याच्याविषयी आहे त्यालाच आधी फोन लावायचा आणि खरं काय ते लगेच सगळीकडे कळवायचं. हाजराबी त्यात आली. सारजाबाईही आल्या. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या.

एकदा पेंढारजवळ जडीबुटी विकणाऱ्या भटक्या माणसांना पोरं चोरणारे म्हणून लोकांनी धरलं. सारजाबाई तेव्हा आरतीकडे होत्या. हाजराबीचा फोन आला, "पळा तिकडं, मी पोलिसास्नी लावते." सारजाबाई पळाल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ही बघा आली, सोत्ताच्या पोराला अडकवनारी!" सारजाबाई त्या माणसांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्हय, तीच मी. कुनाचं पोर गेलंय? नाव सांगा." नाव कुणालाच सांगता येईना. पोलीस येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. एकाचा हात आधीच मोडला होता, दुसऱ्याच्या कानातून रक्त येत होतं. पण ती माणसं जगली. त्या संध्याकाळी सारजाबाईंना ताप भरला.

पण त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका गावी एका चादरी विकणाऱ्याला लोकांनी मारलं, आणि त्याची बातमी यांच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोचली. त्यानंतर अभ्यासाचा निधी संपला. तेजस्विनीचं येणं कमी झालं. जमलेल्यांतली निम्मी माणसं पांगली.

यंदा खेडच्या कोर्टात सारजाबाईंची साक्ष निघाली. आदेश आरोपींच्या रांगेत होता, पांढरा शर्ट घालून. आरोपींचे वकील हसतमुख होते.

"बाई, फोनवरचा आवाज. असा आवाज कुणाचाही असू शकतो. तो तुमच्या मुलाचाच, हे कशावरून?"

"मीच बोलायला शिकवलंय त्याला," सारजाबाई म्हणाल्या. "र म्हनता येत न्हवता. लई दिस ल म्हनायचा."

कोर्टात कुणी हसलं नाही. आदेशनं मान खाली घातली होती.

बाहेर पायऱ्यांवर त्याचे दोस्त त्याच्याभोवती उभे होते. सारजाबाई सरळ त्यांच्यात शिरल्या.

"का रं? चांदीला वळखल्यावरबी... का?"

आदेशनं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलंही असेल. तेवढ्यात एकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. आदेश म्हणाला, "आये, तू घरी जा." आणि त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरून गेला.

कोर्टाच्या तारखेला आलेली हाजराबी एसटी स्टँडवर बाकावर बसली होती. सारजाबाई थोडं अंतर ठेवून बसल्या. बराच वेळ गाडी आली नाही.

"बोलला का काय?" हाजराबीनं विचारलं.

"घरी जा म्हनला."

हाजराबी म्हणाली, "मला तेवढंबी म्हनायला कुनी राह्यलं न्हाई."

नारायणगावची गाडी आली. दोघी चढल्या. गाडी भरलेली होती. जिला जिथे जागा मिळाली, तिथे ती उभी राहिली.