पिंजाऱ्यानं न सांगितलेलं नाव

पिंजलेल्या कापसाचा वास आला की मला सत्तरच्या दशकातलं जयसिंगपूरजवळचं एक गाव आठवतं. राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी मी हिंदू-मुसलमान तंट्यांची माहिती गोळा करत होते. महिन्यापूर्वी तिथं दंगलीत एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याचं दुकान जाळलं होतं, आणि काळ्या पडलेल्या भिंतीपुढं उघड्यावरच तो कापूस पिंजत बसला होता. "दुकान कुणी जाळलं?" मी वही उघडून विचारलं. तेवढ्यात कापसाचं गाठोडं घेऊन एक शेतकरी आला. मला बघून थबकला आणि खाली मान घालून म्हणाला, "चाचा, पोरीच्या लग्नाची गादी भरायची हाय. देशील न्हवं?" "देतो की. ठेव तिथं," पिंजारी म्हणाला. तो गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हातारा हळूच बोलला, "त्यातलाच एक आत्ता येऊन गेला, ताई. नाव लिवू नगासा. त्याला लाज वाटली, एवढं मातर लिवा." मी लिहिलं. पुढं मार्गदर्शकांनी पुरावा मागितला आणि ते वाक्य काढायला लावलं. पदवीसाठी मी ते काढलं. नंतर दंगलींवर मी पुस्तकं लिहिली, पण ते वाक्य काढल्याचं मला अजून वाईट वाटतं.