खाडीवाल्या डॉक्टरचा घण

खाडीवाला डॉक्टर रागावला की हाताला लागेल ते फोडायचा. अकोल्याला तो आमच्या माडीवर भाड्याने राहायचा. माझ्या कपबश्या फोडायचा आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे नव्या आणून द्यायचा.

होता कोकणातला, गुरांचा डॉक्टर. पण गोठ्यात शिरण्याआधी झाडांकडे पाहायचा. "साळुंक्या कुठे गेल्या?" लोक हसत. मला म्हणायचा, "वहिनी, आमच्या खाडीत आधी मासे उलटे होतात, मग बगळे मरतात, मग घरातली म्हातारी आजारी पडते. माणसाची पाळी शेवटी, म्हणून त्याला वाटतं आपण सुटलो."

बोंडअळीच्या त्या वर्षांत तुमच्या मामाआजोबांचा, म्हणजे माझ्या भावाचा, बैल लाळ गाळू लागला, म्हणून मी डॉक्टरला माहेरी घेऊन गेले. विहिरीपाशी साळुंक्या मरून पडल्या होत्या. पाणी तिथे, म्हणून फवारणीचे पंपही तिथेच धूत. ते धुवण बैलांच्या हौदात जाई, फुटक्या काठावरून परत विहिरीत झिरपे, आणि तीच विहीर गाव पीत असे. फवारणीचे दोन गडी बांधावर ओकत होते. डॉक्टरने आधी त्यांना आमच्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं. मग भावाला म्हणाला, "विहीर आत्ता बंद करा."

"तुमाले बैल पाह्याले बलावलं, इहीर नाई. गावानं का पेवाव मंग?"

"टँकर मागवा. हे विष आहे."

"मासे खाणाऱ्यानं आमाले इहीर शिकवू नोको!"

काठाच्या दुरुस्तीसाठी आणलेला घण तिथे पडला होता. डॉक्टरने तो उचलून विहिरीच्या पाणी उपसायच्या मोटारीवर घातला. भावाने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डॉक्टरने डाव्या हाताने पुन्हा घण घातला. दुसरा दांडा कपाळावर बसला, रक्त डोळ्यांत उतरलं. मी किंचाळत मध्ये पडले, तेवढ्यात बैल कोसळला.

पाय झाडत होता, तोंडाला फेस. "वहिनी, पेटीतली सुई भरा!" डॉक्टर सांगत गेला, मी टोचली. उशीर झाला होता. डॉक्टरने गुडघ्यांवर सरकत जाऊन मेलेल्या बैलाची पापणी वर केली.

"बघ. बाहुली मोहरीएवढी झालीय. तुझ्या गड्यांचीही अशीच होती. आता घरात कोणाची बघायची, सांग."

ओसरीवर भावाची नात पेल्याने पाणी पीत होती. भावाने धावत जाऊन पेला तिच्या हातातून उडवला. पोर रडायला लागली. तो परतला, घण उचलला आणि उरलेली मोटार, हौद, काठ, सगळं फोडत सुटला. "काहून नाई सांगतलं आदी, काहून नाई सांगतलं," एवढंच म्हणत होता. सांगितलं तर होतंच.

गडी वाचले, नातही वाचली. डॉक्टरचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. पुढे बदली होऊन तो आपल्या खाडीकडे गेला, तेव्हा भाऊ स्टेशनावर नवा घण घेऊन आला होता. "न्या डाक्तर. तिकडंबी लागन."

फोनवर मी आधी तुमच्या खिडकीतले पक्षी विचारते, मग तुम्हाला. तुम्ही हसता. हसा, पण आधी बाहेर पाहून मग उत्तर द्या.